पंच्याऐंशी दिवस

पाकिटावर लिहिलंय: पंच्याऐंशी दिवस.
कुठल्या गावचे, ते लिहिलेलं नाही.
आमच्या व्यचेग्दा नदीत
मे उजाडला तरी बर्फाची ढेकळं वाहतात,
आणि दिवस मोजायचे तर
पहिला कुठला धरायचा, इथूनच वाद.

लांपा म्हणते, कोंब दिसला तो पहिला.
मी म्हणते, रोप बाहेर मातीत उभं राहिलं तो.
बावीस वर्षं कुंपणावरून हा हिशेब चाललाय,
आणि बावीसपैकी एकोणीस वेळा
पहिला लाल टोमॅटो तिच्याकडे.
हातात नाचवत यायची बया,
"ग्लाफिरा, मीठ आहे का गं घरात?"
जणू तिच्याकडचं मीठ नदीनं नेलं होतं.

यंदाही मार्चअखेर खिडकीत बी घातलं.
दुधाची खोकी आडवी कापून, तीन-तीन बिया,
खालून रेडिएटरची ऊब,
काचेपलीकडे उणे पंधरा.
रोपं उजेडाकडे माना वेळावून बसायची,
मी रोज सकाळी खोकी उलटी फिरवायची.
तीस वर्षं शाळेत
पोरांच्या माना फळ्याकडे वळवल्या, तसंच.

एक जूनला दोघींनी रोपं बाहेर लावली.
चार तारखेला लांपा ओसरीच्या पायरीवरून पडली,
खुब्याचं हाड.
अँब्युलन्समध्ये चढवतानासुद्धा बोट माझ्याकडे:
"माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही.
पाणी फक्त. आणि तेही कोमट."

मग चेर्योमुखा फुलला.
ते झाड पांढरं झालं की थंडी परत येते,
काठी विसरलेल्या पाहुण्यासारखी,
आणि येते तर बसतेच.

अकरा जून. रात्र म्हणायची म्हणून,
आकाशात पेपर वाचता येईल एवढा उजेड
आणि पारा एकेक पायरी उतरतोय.
घरात होतं नव्हतं ते काढलं:
दोन रजया, न्हाणीघराचा पडदा,
मुलाची लहानपणची स्लीपिंग बॅग,
येर्मेईचा लाकूडतोडीचा कोट,
तो गेल्यापासून खुंटीवरच होता.
पुरेल एवढं, एकाच वाफ्याला.

खरं सांगते, आधी माझ्याच वाफ्यावर घातलं.
आत येऊन चहा ठेवला.
पाणी उकळेपर्यंत
कुणीतरी सारखं मीठ मागत होतं.

उठले.
कुंपण ओलांडताना पायमोजा फाटला.

सकाळी माझी रोपं उकडलेल्या पाल्यासारखी,
काळी, लिबलिबीत.
तिची कोटाखाली घामेजलेली.
भिंतीला लागून माझी दोन वाचली,
का वाचली, त्यांनाच ठाऊक.

एकोणतीस जुलै.
तिच्या हिशेबानं एकशे अठरावा दिवस,
माझ्या हिशेबानं अठ्ठावन्नावा,
पाकिटाचा हिशेब कुठेच बसत नाही.
खालच्या फांदीला एक लाल.
देठाशी अजून हिरवट, पण लाल.

लोकरीच्या हातमोज्यात घालून
दोन तास बसमध्ये मांडीवर नेला.
शेजारचा म्हणाला, पिल्लू आहे का मांजराचं?

लांपानं अंगठ्यानं दाबून पाहिला.
"दोन दिवस आधी तोडलास."
खोलीतल्या चौघींत एक टोमॅटो, पाचवी मी.
चमच्याच्या कडेनं कापला, साल चिवट,
आंबट तर असा की
खिडकीजवळच्या म्हातारीचे दोन्ही डोळे मिटले.
मीठ मी पुडीत नेलंच होतं.
"तुझे?" तिनं विचारलं.
"उशीर आहे," मी म्हटलं.
ती माझ्या पायमोज्याकडे बघत राहिली, बराच वेळ,
मग बिया कागदी रुमालावर पसरत म्हणाली,
"चौदा आहेत. सात तुझ्या.
आणि कोंब दिसला तोच पहिला दिवस."

कोट परत खुंटीवर टांगलाय.
उजव्या बाहीला टोमॅटोच्या पानांचा
तो उग्र, हिरवा वास.
धुवायचा राहूनच जातो.